सगळं माहीत आहे, तरी मान का दुखते?

पत्र

ताई, मी इंदूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घर रामबागेत. दोन महिन्यांपासून मान आणि उजवा खांदा दुखतोय, संध्याकाळी डोकं मागून जड होतं. उजव्या मनगटातही अंगठ्याच्या बाजूला कळ येते. एक्स-रे काढला, त्यात मानेचा बाक कमी झालाय असं लिहिलंय. बाबांनी मानेचा पट्टा आणून दिला. आई म्हणते, मोबाइल सोड. आजी रोज तेल लावते आणि म्हणते, "आम्ही काय कमी माना वाकवल्या?" मागच्या महिन्यात फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांनी कॉलेजात एक फॉर्म भरून घेतला. शरीराचं चित्र, कुठे दुखतं तिथे खूण करायची. शेवटी प्रश्न होते: चुकीच्या बसण्याने दुखतं हे माहीत आहे का, मध्ये थांबावं हे माहीत आहे का, स्क्रीन डोळ्यांसमोर असावी हे माहीत आहे का. मी सगळीकडे "हो" लिहिलं. आमच्या बाकावरच्या पाचही जणींनी "हो" लिहिलं आणि चौघींनी मानेवर खूण केली. मग माहीत असून उपयोग काय? माझी मान कायमची बिघडली का? पुढच्या वर्षी प्लेसमेंट आहे. हेच काम जन्मभर करायचंय, या विचाराने झोप लागत नाही.
– रामबागेतली एक विद्यार्थिनी

उत्तर

बेटा, आधी तुझी झोप उडवणाऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. तुझी मान कायमची बिघडलेली नाही. तू जे लिहिलं आहेस त्यावरून हे स्नायूंचं दुखणं दिसतं आणि या वयात ते चांगलं बरं होतं. कोडिंग सोडायची काहीही गरज नाही. समोर बसवून तपासल्याशिवाय शंभर टक्के सांगता येत नाही, म्हणून कोणत्या गोष्टी दिसल्या तर लगेच डॉक्टर गाठायचा तेही पुढे लिहिते. पण आज रात्री झोप.

तो एक्स-रेचा कागद फाइलमध्ये ठेवून दे. "मानेचा बाक कमी" हे वाक्य मी तीस वर्षांत इतक्या रिपोर्टांवर वाचलंय की मोजदाद नाही. ज्यांना काडीचंही दुखत नाही अशा कितीतरी लोकांच्या एक्स-रेत हाच बाक कमी दिसतो. फोटो काढताना हनुवटी जरा आत घेतली तरी मान सरळ दिसते. दुखरे स्नायू आखडलेले असले तरी दिसते. तेवढ्यावरून हाड झिजलं, मणका सरकला असं काही सिद्ध होत नाही. तुझ्या बाबांनी काळजीने पट्टा आणला, त्यांना माझ्याकडून सांग की तो घरात दिवसभर घालायचा नाही. मानेला आधार मिळत राहिला की तिचे स्नायू काम सोडून देतात आणि महिन्याभराने तुला पट्ट्याशिवाय करमेनासं होतं. मार लागला, हाड मोडलं, तर पट्ट्याचं काम वेगळं. तुझं ते नाही.

आता आजीकडे येते, कारण तुझ्या पत्रात मला सगळ्यात मोलाचं वाक्य तिचं वाटलं. "आम्ही काय कमी माना वाकवल्या?" तुला त्याचा राग आला असणार. आपलं दुखणं कोणी उडवून लावलं की राग येतोच, आणि तुझं दुखणं खरं आहे. पण आजीच्या प्रश्नाचं नीट उत्तर शोधलंस तर तुझ्या प्रश्नाचंही उत्तर त्यात सापडेल.

आजी सूप घेऊन गहू निवडायला बसायची तेव्हा तिची मान खालीच असायची. तू मोबाइल पाहतेस त्याहूनही खाली. शिवण, वाती, भाजी चिरणं, परातीत कणीक मळणं, सगळं खाली मान घालूनच. पण ती सलग किती वेळ तशी बसायची? दाराशी भाजीवाला आला, ऊठ. दूध वर आलं, ऊठ. पोर रडलं, ऊठ. तिला कोणी "मध्ये थांबा" असं शिकवलं नव्हतं, घरच तिला बसू देत नव्हतं. तू बहुधा रात्री नऊला पलंगावर मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप घेऊन बसतेस आणि एक वाजता उठतेस. पाणीही शेजारी लिटरच्या बाटलीत. तुझ्या आणि आजीच्या मानेत कोनाचा फार फरक नाही. फरक आहे तो वेळेचा.

त्या फॉर्ममध्ये तू सगळीकडे "हो" लिहिलंस आणि खरंच लिहिलंस. पण तुम्हा मुलींना जे माहीत आहे ते बसण्याच्या आकाराबद्दल: पाठ ताठ, स्क्रीन समोर, कोपर काटकोनात. चित्रात दिसणारी गोष्ट. चित्रात वेळ दिसत नाही. अगदी चित्रातल्यासारखी ताठ बसून चार तास हलली नाहीस तरी दुखेल. उलट ताठ राहायच्या हट्टापायी जास्तच दुखेल. अशी एकही बैठक नाही जी तासन् तास चांगली राहते.

का, ते सांगते. हे एकदा कळलं की नियम पाठ करावे लागत नाहीत.

मानेच्या मागून खांद्यापर्यंत उतरणारा एक मोठा स्नायू आहे, ट्रॅपीझिअस. माउसवर हात ठेवलास, खांदा अर्धा इंच वर गेला, की तो कामाला लागतो. काम इतकं हलकं असतं की तुला जाणवतही नाही. स्नायूत हजारो तंतू असतात, पण हलक्या कामाला सगळे येत नाहीत. ठरावीक बारीक तंतू आधी जागे होतात आणि स्नायू पूर्ण सैल पडेपर्यंत तेच राबत राहतात. मोठ्या घरातल्या थोरल्या सुनेसारखं, पहाटे सगळ्यांच्या आधी उठणार आणि रात्री सगळ्यांच्या नंतर अंग टाकणार. 1991 मध्ये एका स्वीडिश संशोधकाने हे मांडलं तेव्हा त्याला परीकथेतली राबणारी सिंड्रेला आठवली. त्या तंतूंना विश्रांती फक्त एकाच वेळी मिळते, खांदा पूर्ण सैल सोडलास तर. तेवढे दहा सेकंदही तू चार तासांत त्यांना देत नाहीस. जड पोतं उचलणाऱ्या हमालाचा स्नायू ताण घेतो आणि सोडतो. तुझा घेतो आणि सोडतच नाही. म्हणून "मी तर नुसती बसले होते, दुखायला काय झालं" असं वाटतं.

मागे माझ्याकडे एक मुलगा आला होता, भंवरकुआंच्या बाजूला खोली घेऊन राहणारा. त्यालाही सगळं माहीत होतं, अगदी स्क्रीन किती सेंटिमीटरवर हवी तेही. मी म्हटलं, लॅपटॉप उघड आणि रोज करतोस ते काम कर. तो टाइप करायला लागला. मी मागे उभी राहून त्याच्या उजव्या खांद्यावर दोन बोटं ठेवली. कच्च्या पेरूसारखा टणक. डावा मऊ. म्हटलं, आता हात मांडीवर ठेव, श्वास सोड. खांदा खाली उतरायला जवळजवळ अर्धं मिनिट लागलं. उतरला तेव्हा तो स्वतःच चमकून म्हणाला, "अरे, हा वर होता?" तुझ्या आजीला आज हेच करायला सांग. तेल लावण्याआधी, तू टाइप करत असताना, दोन बोटं खांद्यावर. तिला तुझ्या लॅपटॉपमधलं काही कळत नसेल, पण तिच्या बोटांना सगळं कळेल.

तुमच्या वर्गाच्या ग्रुपवर ते चित्रही नक्की फिरलं असेल: मान साठ अंश वाकवली की तिच्यावर 27 किलो भार येतो. तो आकडा 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या एका मणक्याच्या सर्जनने संगणकावर मानेचं प्रतिमान करून काढलेला हिशेब आहे. जिवंत माणसाच्या मानेत मोजलेला नाही. डोकं पाचएक किलोचं, ते पुढे झुकलं की मागच्या स्नायूंना जास्त ओढावं लागतं, हे खरंच. पण मान वाकवण्यासाठीच घडलेली आहे. ते चित्र पाहून मान वाकवायचीच भीती बसली तर माणूस ती आणखी ताठ धरून बसतो, आणि दुखणं वाढवून घेतो.

लॅपटॉपची मात्र खरी अडचण आहे, आणि तिथे दोष तुझा नाही. स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले. स्क्रीन डोळ्यांसमोर आणावी तर हात हवेत, हात खाली ठेवावे तर मान खाली. कसाही ठेव, शरीराचा एक भाग तडजोड करणारच. प्रवासात, थोड्या वेळाच्या कामासाठी तो चांगला. रोज सहा तास काम करायचं असेल तर त्याचे दोन तुकडे करायला हवेत. जेल रोडवर साधा वायरचा कीबोर्ड आणि माउस मिळून हजाराच्या आत काम होतं. बाबांना पट्टा परत करता आला तर त्याच पैशात. लॅपटॉप उंचावायला स्टँड विकत घेऊ नकोस. घरातले पोह्यांचे दोन चपटे डबे, जुनी जाड पुस्तकं, काहीही चालेल. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा जरा खाली, आणि स्क्रीन हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढ्या अंतरावर. जेवणाचं टेबल उंच पडतं, बसून हात वर उचलावे लागतात. मग खुर्चीवर सतरंजीची घडी घे आणि पाय लोंबकळायला लागले तर खाली पाट. पाठीमागे तक्क्या. जरा मागे रेलून बसलीस तरी चालेल, काटकोनाचा हट्ट नको.

माउस कीबोर्डला अगदी खेटून ठेव. तुझा उजवाच खांदा का दुखतो, याचं माझ्या अंदाजाने हेच कारण आहे. लांब ठेवलेल्या माउसकडे हात पसरलेला राहतो आणि तो अख्खा हात खांद्यावर टांगलेला असतो. चष्मा असेल तर नंबर तपासून घे. अक्षर धूसर दिसलं की हनुवटी आपोआप पुढे जाते, हे कोणी लक्षात घेत नाही.

एवढं करूनही मूळ गोष्ट बाकीच आहे: उठणं. "दर अर्ध्या तासाने उठा" हे सांगून कोणी उठत नाही, गजर बंद करून पुन्हा बसतात, मला माहीत आहे. म्हणून आजीच्या घरासारखं तुझं घर कर, जे तुला बसू देणार नाही. लिटरची बाटली स्वयंपाकघरात ठेव आणि शेजारी छोटा पेला घे. पेला संपला की उठावं लागेल. मोबाइलचं चार्जिंग दुसऱ्या खोलीत. आणि तुझ्या कामातच एक सोय आहे जी आजीकडे नव्हती: प्रोग्रॅम रन केलास की उभी राहा. आउटपुट उभ्याने बघ. एरर आली की खाली बस. रात्रभरात किती एरर येतात ते तुला ठाऊक आहे, तेवढ्या वेळा उठणं होईल. ऑनलाइन लेक्चर नुसतं ऐकायचं असेल तर कानाला हेडफोन लावून अंगणात फिरत ऐक. उठलीस की व्यायाम करत बसायची गरज नाही. खांदे कानापर्यंत उचल, धप्पकन सोड, हात मागे नेऊन छाती उघड, खिडकीतून लांबचं काहीतरी बघ. अर्धं मिनिट पुरतं. डोळ्यांसाठी वीसचा नियम सांगतात तो यातच होऊन जातो: 20 मिनिटांनी, 20 फुटांवरचं, 20 सेकंद.

फॉर्मवर ज्या गोष्टी बहुधा नव्हत्या, किंवा असल्या तरी तुम्ही कोणी त्यांच्याकडे दुखण्याचं कारण म्हणून पाहिलं नसेल, त्यांच्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे.

पहिली, कामाचा एकदम वाढलेला भार. तुझं दुखणं दोन महिन्यांपूर्वी सुरू झालं. आठवून बघ, तेव्हा सबमिशन होतं का? प्रोजेक्ट? महिनाभर दिवसाला दोन तास आणि मग एका आठवड्यात रोज बारा, हे म्हणजे घराबाहेर न पडलेल्या माणसाने एके दिवशी उठून वारीला निघण्यासारखं आहे. शरीर सरावतं, पण हळूहळू. पुढचं सबमिशन कधी आहे ते तुला आजच माहीत आहे, तर काम आधीच्या दोन आठवड्यांत पसरून घे. हा अभ्यासाचा सल्ला वाटेल, मानेसाठीही तोच आहे.

दुसरी, काळजी. डोक्यात ताण असला की खांद्याचे स्नायू ताठ होतात, हे नुसतं म्हणायला नाही. प्रयोगशाळेत माणसाला स्वस्थ बसवून अवघड तोंडी हिशेब करायला लावले आणि ट्रॅपीझिअसमधले विद्युत संकेत मोजले, तर हात न हलवताही स्नायू काम करायला लागलेला दिसतो. तू प्लेसमेंटचा विचार करत पलंगावर पडून असतेस तेव्हाही तुझा खांदा कामावरच असतो. आणि तिसरी, झोप. अपुऱ्या झोपेने दुखणं वाढतं आणि दुखण्याने झोप मोडते, हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरतं. इंदूरची मुलं रात्री अकराला सराफ्यात, त्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाऊन येऊन पुन्हा लॅपटॉप उघडतात, हे मला माझ्या घरातूनच माहीत आहे. सराफ्याला जरूर जा, चालत जा. पण आल्यावर झोप.

इटलीतल्या बेर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने तीनशे वर्षांपूर्वी लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणं लिहून ठेवली: सततचं बसणं, हाताची एकाच दिशेची अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. संगणक तर सोडच, टाइपरायटरही नव्हता तेव्हा. मला ते वाचून माझे आजोबा आठवले. होळकरांच्या दप्तरात कारकून होते, संस्थान 1948 मध्ये विलीन होईपर्यंत. त्यांचं उतरत्या फळीचं बैठं मेज अजून आमच्या माळ्यावर आहे. कागद डोळ्यांकडे तिरका यावा, मान कमी वाकावी, म्हणून ती फळी उतरती. माझी आजी सांगायची, खातं पुरं झालं की ते टाक खाली ठेवून दोन्ही हातांची बोटं एकेक करून मागे वाकवायचे, मग पान लावायला उठायचे. त्यांना हे कोणत्या फॉर्मने शिकवलं नव्हतं. दुखण्यानेच शिकवलं असणार.

आता व्यायाम. मान गोल गोल फिरवण्याचे व्यायाम मोबाइलवर शेकडो आहेत, ते केले तर तात्पुरतं बरं वाटेल. पण तुला हवं आहे ते बळ. डेन्मार्कमध्ये कार्यालयात काम करणाऱ्या, मान-खांदा दुखणाऱ्या 198 जणांवर एक अभ्यास झाला, 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला. रबरी पट्टी पायाखाली धरून हात बाजूने खांद्यापर्यंत उचलायचे, बस एवढाच व्यायाम. काहींनी रोज 12 मिनिटं केला, काहींनी फक्त 2 मिनिटं. दहा आठवड्यांनी दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं होतं, आणि दोन मिनिटंवाल्यांचा फायदा बारा मिनिटंवाल्यांपेक्षा फारसा मागे नव्हता. मी हा व्यायाम देते तेव्हा महागडी पट्टी आणायला सांगत नाही. सायकलच्या दुकानातून जुनी ट्यूब माग, कापून लांब पट्टी कर. मधोमध दोन्ही पाय ठेवून उभी राहा, टोकं हातात घे, कोपर किंचित वाकवून हात बाजूला आणि जरासे पुढे, खांद्याच्या उंचीपर्यंत उचल. वर नेताना खांदे कानाकडे चढू देऊ नकोस. खाली आणताना घाई करू नकोस, मनात चार मोज. दमायला होईपर्यंत कर, किंवा दोन मिनिटं, जे आधी होईल ते. पहिले तीन-चार दिवस ठणकेल, तो नव्या कामाचा ठणका आहे. दुखणं तिखट झालं, हातात उतरलं, तर थांब आणि दाखव.

याशिवाय चालणं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगते. रामबागेतून राजवाड्यापर्यंत जाऊन आलीस, आठवड्यातून पाच दिवस, तर त्यातला बराच वाटा निघतो. गाडी घरी ठेव.

मनगटाबद्दल. अंगठ्याच्या बाजूची कळ ही कीबोर्डपेक्षा मोबाइलची असण्याचा संभव जास्त. एका हातात फोन धरून त्याच अंगठ्याने वर-खाली करत राहिलं की अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या स्नायुबंधांना सूज येते. या बाबतीत आई बरोबर आहे, अर्धी तरी. फोन डाव्या हातात धर आणि उजव्या हाताच्या तर्जनीने चालव, लांब मेसेज बोलून टाइप कर. अंगठा मुठीत घेऊन मनगट हळूच करंगळीकडे वाकवून बघ. थोडं ताणल्यासारखं सगळ्यांनाच वाटतं. पण जीव जाईल अशी कळ आली तर फिजिओथेरपिस्टला दाखव, काही आठवडे आधाराची पट्टी लावावी लागेल. अंगठा, तर्जनी, मधलं बोट इथे मुंग्या येतात का, रात्री जाग येऊन हात झटकावा लागतो का, याकडेही लक्ष ठेव. तिथे नस दाबली जात असते, ते वेगळं प्रकरण. करंगळीत मुंग्या असतील तर टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून बसायची सवय आधी सोड.

आता लगेच डॉक्टरकडे जायची लक्षणं. हातातून वस्तू सुटायला लागली, बोटांची पकड कमी झाली, बधिरपणा वाढत चालला. चालताना तोल जातो. ताप, विनाकारण वजन घटणं, किंवा कुशी बदलूनही न थांबणारं रात्रीचं दुखणं. गाडीवरून पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं. तुझ्या मैत्रिणींपैकी कोणाची कंबर दुखत असेल आणि मांड्यांच्या मधल्या भागात बधिर वाटायला लागलं, लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय. यापैकी काही नसेल तर फिजिओथेरपिस्टकडे जाणं पुरे. एम.वाय.सारख्या सरकारी रुग्णालयातही जाता येतं.

मेडिकलवाल्याला "मान दुखते" सांगून गोळ्या आणणाऱ्या मुलामुलींची मला खरोखर भीती वाटते. डायक्लोफेनॅकसारखी गोळी उपाशीपोटी आठवडेच्या आठवडे घेतली तर पोट आणि मूत्रपिंड दोन्हीला इजा होऊ शकते. ड जीवनसत्त्वाचं तसंच. आपल्याकडे त्याची कमतरता पुष्कळ असते, अंग दुखण्याचं ते एक कारण असतंही. पण साठ हजार युनिटच्या गोळ्या मैत्रिणीने घेतल्या म्हणून आपण घ्यायच्या नाहीत, रक्त तपासून डॉक्टर सांगतील तेवढ्याच. आणि तुमच्या वर्गातली मुलं न्हाव्याकडे कटकट मान मोडून घेत असतील तर त्यांना थांबव. झटक्याने मान वळवल्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते. क्वचित होतं, पण झालं तर विशीत पक्षाघात होतो.

आजीचं तेल चालू ठेव. त्याने स्नायू बळकट होत नाहीत, पण आखडलेला खांदा सैल पडतो, ऊब मिळते आणि झोप लागते. तुला या तिन्हींची गरज आहे.

एक काम तुला एकटीला नाही, वर्गाला मिळून करायचं आहे. तुझ्या पत्रातल्या पाचपैकी चौघींच्या खुणेचं मला वाईट वाटलं. एकीची मान दुखली तर तिचं बसणं चुकलं म्हणता येईल, चौघींची दुखते तेव्हा खोली बघावी लागते. लॅबमध्ये तुम्हाला पाठ नसलेली स्टुलं आहेत का? मॉनिटर तिरका ठेवलाय का? तीन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये उठलं तर सर रागावतात का? तुम्ही भरलेला तो शरीराच्या चित्राचा फॉर्म बहुधा 1987 मध्ये स्कँडिनेव्हियातल्या संशोधकांनी बसवलेल्या नॉर्डिक प्रश्नावलीवरून केलेला असणार. शरीराचे नऊ भाग, गेल्या 12 महिन्यांत दुखलं का, गेल्या 7 दिवसांत दुखलं का, नेहमीची कामं अडली का. ती मुळात कामाच्या जागेत दोष कुठे आहे ते शोधायला केलेली आहे. तेव्हा त्या फिजिओच्या मुलांना गाठ, नावं न घेता तुमच्या विभागाचे निकाल मागून घे आणि विभागप्रमुखांकडे चौघीजणी मिळून जा. नव्या खुर्च्या लगेच येणार नाहीत. पण मॉनिटर सरळ करणं आणि दर अर्ध्या तासाला सगळ्या वर्गाने एक मिनिट उभं राहणं, याला पैसे लागत नाहीत. सरांनी एकदा होकार दिला की उठणाऱ्या मुलीला चोरट्यासारखं वाटणार नाही. त्या मुलांना एवढंही सांग, की पुढच्या वेळी "मध्ये थांबावं हे माहीत आहे का" असं विचारण्याऐवजी "हा फॉर्म हातात येण्याआधी तुम्ही शेवटचं कधी उठला होता" असं विचारा.

सुधारणा पहिल्या आठवड्यात दिसेल अशी आशा धरू नकोस. डोक्याचा जडपणा आधी कमी होईल, बहुधा दोन-तीन आठवड्यांत. खांद्याला दोन-अडीच महिने दे. मधल्या काळात एखादा दिवस पुन्हा दुखेल, सबमिशनच्या आठवड्यात तर नक्की. तेव्हा व्यायाम सोडू नकोस, निम्मा कर. आणि मानेचा पट्टा पुन्हा बाहेर काढून घालू नकोस. सहा आठवड्यांत काहीच फरक पडला नाही तर प्रत्यक्ष तपासून घे.

शनिवारी जेल रोडला जाशील तर कीबोर्ड आकाराने छोटा, उजवीकडे आकड्यांच्या कळा नसलेला मिळतो का बघ. त्याने माउस आणखी चार बोटं जवळ येतो. आणि सायकलची ट्यूब आणलीस की आधी साबणाने धुऊन वाळव, नाहीतर पहिल्याच दिवशी हात काळे होतील.